शून्य खर्चाचं दप्तर

शामला निखाडे यांनी एकवीस वर्षांत कंपनीकडे एक रुपया मागितला नव्हता, आणि त्याच गोष्टीनं शेवटी त्यांचा घात केला. ऐकायला विचित्र वाटेल, पण अंदाजपत्रकाच्या दुनियेत असंच असतं. तिथं काटकसरीला कोणी हार घालत नाही. गेल्या वर्षी किती खर्च केला, एवढंच विचारतात.

कंपनी तशी मोठी. वीजघरांमध्ये कोळसा वाहून नेणारे जे लांबलचक पट्टे असतात, ते बसवायचं आणि दुरुस्त करायचं तिचं काम. ऑफिस सेंट्रल अव्हेन्यूवर, काचेचं, एसीचं. आणि त्या ऑफिसचे चाळीस वर्षांचे कागद मात्र इतवारीच्या जुन्या बाजारात, एका भांड्याच्या दुकानावरच्या माळ्यावर. गल्ली अशी की टेम्पो आत शिरत नाही, सामान हातगाडीवर न्यावं लागतं, आणि दिवसभर खाली पातेल्यांचा खणखणाट चालू. रेकॉर्ड सेक्शन म्हणतात त्याला. सेक्शन कसलं, एक टेबल, दोन स्टुलं, चारशेतीस गठ्ठे आणि शामलाबाई.

तर फेब्रुवारीत त्यांच्या टेबलावर अंदाजपत्रकाचा फॉर्म आला. दरवर्षी यायचा. दरवर्षी त्या त्यावर ‘निरंक’ लिहून सही करून परत पाठवायच्या, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. यंदा मात्र फॉर्मला एक चिठ्ठी टाचलेली होती. इतवारीचा माळा सोडायचा आहे, आठ वर्षांहून जुने सगळे कागद मार्चअखेर लगद्याच्या कारखान्याला द्यायचे आहेत, कोणाला काही म्हणायचं असल्यास फॉर्ममध्ये रकमेसह म्हणावं. खाली सही, विक्रम, वित्त विभाग.

शामलाबाईंनी ते दोनदा वाचलं. आठ वर्षांहून जुने म्हणजे चारशेतीसपैकी साडेतीनशे गठ्ठे. त्यात मशीनचे नकाशे होते, ऑर्डरी होत्या, ते गेलं तर गेलं. पण त्यातच होते ठेकेदारांकडच्या मजुरांचे हजेरीपट. खापरखेडा, कोराडी, कुठकुठल्या वीजघरांत पट्ट्यांवर राबलेली तीनशेबारा माणसं. त्यांची नावं दुसरीकडे कुठंच नव्हती. ठेकेदार मेले, काही पळाले. ह्या माणसांनी कधी काळी काम केलं होतं, ह्याचा जगात एकच पुरावा, तो इतवारीच्या माळ्यावर. आणि पेन्शनला दहा वर्षांची नोकरी दाखवावी लागते. महिन्यातून एखादा तरी म्हातारा जिना चढून यायचा, धापा टाकत म्हणायचा, “बाई, माहा कागद पाहा नं जरा.” बाई पाहायच्या. सापडायचाच.

आणि आणखी एक. शामलाबाई स्वतः मे महिन्याच्या एकतीस तारखेला निवृत्त होणार होत्या.

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रकाना भरला. लोखंडी रॅक, वाळवीची फवारणी, आग विझवायची नळकांडी, जुन्या कागदांचं स्कॅनिंग, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्षभरासाठी एक माणूस, जो शेजारी बसून कुठं काय आहे त्याची यादी करील. तीन दुकानांतून दर आणले, दोनदा बेरीज केली. नऊ लाख चाळीस हजार. आकडा लिहिताना त्यांनी शून्यं पुन्हा मोजली. स्वतःसाठी मागितल्यासारखं वाटत होतं.

विक्रमनं दुसऱ्याच दिवशी बोलावलं. माणूस वाईट नव्हता बरं का. चौतिशीचा, हुशार, बोलायला मऊ. पण नियमाचा पक्का.

“शामलाताई, आपला नियम तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या वर्षीचा खर्च अधिक दहा टक्के. तुमचा गेल्या वर्षीचा खर्च शून्य आहे.”

“हो सर.”

“त्याच्या आदल्या वर्षीचा?”

“शून्य.”

“मी मागं जात जात दोन हजार चारपर्यंत गेलो. त्याच्याही मागं तुमच्या आधीचे केशवराव होते, त्यांचाही शून्य. एवढी वर्षं शून्यात चाललं, ते यंदा नऊ लाखांशिवाय चालत नाही, हे मी भैरवी मॅडमना कोणत्या तोंडानं सांगू?”

शून्याचे दहा टक्के किती, हे तिसरीतलं पोरही सांगेल.

आता हे शून्य कुठून आलं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही माझ्यासारखा राग येईल. शामलाबाई मूळच्या सावनेरकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. टायपिस्ट म्हणून लागल्या आणि केशवराव नावाच्या एका कडक, धोतर-टोपीच्या काळातून चुकून राहून गेलेल्या गृहस्थांच्या हाताखाली रेकॉर्डला आल्या. केशवरावांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून दप्तर सांभाळणारं. ते म्हणायचे, दप्तरदारानं हात पसरला की दप्तराची अब्रू गेली. लेबलं मागायची नाहीत, फायली मागायच्या नाहीत. गठ्ठ्यावर चिठ्ठी चिकटवायची तर खळ लागते, खळीला कसरीची कीड लागते, म्हणून चिठ्ठीच नको. कापडाचा रुमाल बांधायचा आणि कापडाच्या रंगावरून साल ओळखायचं. कापडही कंपनीचं नाही. केशवराव घरची जुनी धोतरं रंगवून आणायचे.

ते गेले आणि धोतरं संपली. मग शामलाबाईंनी स्वतःच्या साड्या फाडायला घेतल्या.

एका साडीचे सात-आठ रुमाल होतात. वर्षाला एखाद-दुसरी साडी. दोन हजार चारचे कागद बहिणीच्या लग्नातल्या पोपटीत. दोन हजार नऊचे, लेकीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला नेसलेल्या अबोलीत. सासू वारली त्या वर्षीची पांढरी-निळी, पगारवाढ झाली त्या वर्षीची चिंतामणी. वाळवीचं औषध त्या स्वतः आणायच्या, डांबराच्या गोळ्या स्वतः, हातगाडीवाल्याला पैसे स्वतः. नवरा, वसंतराव, एकदा म्हणालाही होता, “घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजून राहिली तू.” शामलाबाई त्यावर फक्त हसल्या होत्या. त्यांना ते चांगुलपण वाटत होतं. मला विचाराल तर तो नुसता भिडस्तपणा होता. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, आणि ही तर कंपनी.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीच्या मालकीणबाई, भैरवी मॅडम, स्वतः माळ्यावर आल्या. वडिलांनी कंपनी काढली, आता सगळं त्या बघत. सोबत विक्रम. जिना चढून आल्यावर मॅडमनी पदरानं चेहरा पुसला, गठ्ठ्यांच्या भिंतीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “शामलाताई, मला एक कागद काढून दाखवा. दोन हजार नऊ साली वणीच्या कामाचं एक चलन होतं, बाबांची सही असलेलं.”

हीच ती वेळ होती. इथं ‘शोधावं लागेल मॅडम, दोन दिवस द्या’ म्हणाल्या असत्या तरी गाडी रुळावर आली असती. पण सुगरणीला पोळी फुगवून दाखव म्हटल्यावर ती काय करपवून दाखवील? शामलाबाई उठल्या, अबोली रंगाच्या चौथ्या गठ्ठ्याची गाठ सोडली, आणि चार मिनिटांत चलन मॅडमच्या हातात दिलं. वडिलांची सही पाहून मॅडमचे डोळे भरून आले. शामलाबाईंची छाती अभिमानानं भरली.

विक्रमनं वहीत लिहिलं. शामलाबाईंना ते उलटं दिसत होतं तरी वाचता आलं. ‘सध्याची व्यवस्था उत्तम. कागद चार मिनिटांत मिळतो. जादा खर्चाची गरज दिसत नाही.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. जाताना मॅडम म्हणाल्या की नवे कागद असेच ठेवू, जुन्यांचा निर्णय महिनाअखेरच्या शुक्रवारी बैठकीत घेऊ. विक्रम जिन्यात थांबून हळूच म्हणाला, “ताई, लगद्याचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी सोमवारचा सांगून ठेवलाय. मनाची तयारी ठेवा.”

बैठकीच्या दोन दिवस आधी, बुधवारी, रुपराव आला.

रुपराव खापरखेड्याच्या वसाहतीच्या मागं राहायचा. साठीचा, काटकुळा, पट्ट्याखाली सांडलेला कोळसा फावड्यानं भरायचं काम केलेला. त्या कोळशानं त्याचा आवाज घोगरा झाला होता. जिन्याच्या वरच्या पायरीवर तो बराच वेळ बसला, मग म्हणाला, “बाई, दहापैकी नऊ सालाचा हिशोब लागला. एक साल कमी पडून राहिलं. दोन हजार सहा. सोमवारी सुनावणी आहे. पेन्शनचे साहेब म्हणे कंपनीचा हजेरीपट आणा, नाही तं कंपनीकून लिहून आणा का कागद नाही. नाही म्हणून लिहून आलं तं केस बंद.”

शामलाबाईंना बसल्या जागी दिसत होतं. तिसऱ्या ओळीत, भिंतीकडून, जांभळा रुमाल. त्या वर्षी इस्त्री करताना फोन आला आणि साडी जळली, म्हणून नवीकोरी जांभळी साडी रुमालांत गेली. ज्या तुकड्यावर इस्त्रीचा डाग होता तो त्यांनी मुद्दाम हजेरीपटांना बांधला होता, लक्षात राहावा म्हणून. उठायचं, गाठ सोडायची, झेरॉक्स करून द्यायची. दहा मिनिटांचं काम.

त्या उठल्यासुद्धा. आणि तिसऱ्या ओळीपाशी जाऊन थांबल्या.

हा कागद आज दिला की रुपरावचं भलं होईल. आणि शुक्रवारी विक्रम म्हणेल, बघा, परवाही एकाला लगेच मिळाला. सोमवारी टेम्पो येईल. मग राहिलेल्यांचं काय? आणि समजा टेम्पो नाही आला, तरी जूनमध्ये ह्या जांभळ्या चिंधीचा अर्थ कोणाला कळणार आहे? चार मिनिटांत कागद काढण्याचा जो एवढा तोरा, तोच त्या तीनशेबारा माणसांच्या मुळावर आला होता.

“रुपरावजी,” त्या वळून म्हणाल्या, “शुक्रवारी साडेदहाले अव्हेन्यूच्या ऑफिसात या. तिथं काम होईन.”

“आज नाही होत का जी?”

“नाही.”

त्यानं बाईंकडं बघितलं. काठी टेकत उतरून गेला. शामलाबाईंनी खोटं बोलून एका म्हाताऱ्याला परत पाठवलं होतं, तेही पहिल्यांदाच. त्या दोन रात्री त्यांना नीट जेवण गेलं नाही. वसंतरावांनाही त्यांनी काही सांगितलं नाही. सांगायची सवयच नव्हती.

शुक्रवारी साडेदहाच्या आधीच रुपराव ऑफिसच्या सोफ्यावर अंग चोरून बसला होता. धुतलेला पांढरा सदरा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. शामलाबाईंनी त्याला बैठकीच्या खोलीत नेलं आणि दारापाशी खुर्ची दिली. विक्रमनं भुवया उंचावल्या. मॅडम म्हणाल्या, बसू द्या, बाहेर ऊन आहे.

“मॅडम,” शामलाबाई उभ्याच राहिल्या, “ह्यांना दोन हजार सहाचा हजेरीपट पाहिजे. खापरखेड्याच्या कामाचा. सोमवारी सुनावणी आहे.”

“मग काढून द्या की. तुम्हाला काय चार मिनिटांचं काम.”

“मी काढणार नाही.”

शामलाबाईंनी माळ्याची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“समजा आज जून आहे, मॅडम. मी रिटायर झाले. किल्ली ही घ्या. विक्रम सरांनी जावं, पाहिजे तेवढे शिपाई न्यावेत. व्यवस्था उत्तम आहे असं सरांनीच लिहिलंय. मी इथंच बसते. फोन लावणार नाही, उचलणार नाही.”

विक्रमचा चेहरा लाल झाला. “हे काय, परीक्षा घेताय का आमची?”

“तुम्ही माझी घेतली होती ना सर,” शामलाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मॅडमनी किल्ली उचलून विक्रमपुढं सरकवली.

अकराला विक्रम गेला. इतवारी दहा मिनिटांवर. साडेअकराला फोन आला, मॅडमनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. “मॅडम, इथं एकाही गठ्ठ्यावर काही लिहिलेलं नाही. नुसते रंग आहेत.” मॅडमनी शामलाबाईंकडं पाहिलं. शामलाबाई टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडं बघत राहिल्या.

बाराला पुन्हा फोन. वीस गठ्ठे उघडले, सगळे ऑर्डरींचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. साडेबाराला मॅडमनी बाकीचे विषय उरकायला घेतले. डिझेल, विमा, गाड्यांचे टायर. शामलाबाई भिंतीपाशी बसून होत्या. सव्वाच्या सुमाराला रुपराव खुर्चीतून वाकून कुजबुजला, “बाई, सापडन नं?”

काय बोलायचं? हो म्हटलं तर सगळं मुसळ केरात. नाही म्हटलं तर पाप. शामलाबाईंनी मान हलवली, कशीतरी, होकार ना नकार. म्हातारा मांडीवरची पिशवी चाचपत होता. पिशवीचा करकर आवाज येत होता. तो आवाज त्यांना सहन होईना. ‘जांभळा’ एवढा एक शब्द जिभेच्या टोकावर होता, आणि त्या दातांनी तो धरून ठेवत होत्या.

“शामलाताई,” मॅडम कागदावरून वर न बघता म्हणाल्या, “आता सांगून टाका. तुमचा मुद्दा पोचला मला.”

“पोचला असेल मॅडम. फॉर्मवर नाही पोचला.”

असं उत्तर ह्या बाईनं जन्मात कोणाला दिलं नसेल. तिचं तिलाच भय वाटलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी विक्रमचा शेवटचा फोन आला. आवाज थकलेला, घशात धूळ. “मॅडम, सगळ्या ओळींतले मिळून सत्तर गठ्ठे झाले. सहाचा हजेरीपट इथं नाही. मी खात्रीनं सांगतो, नाही. कंपनीच्या नियमाप्रमाणं ‘उपलब्ध नाही’ असं पत्र देऊन टाकू. रेकॉर्ड सेक्शनची सही आणि तुमची सही.”

पत्र पाच मिनिटांत टाइप होऊन आलं. दोन ओळी. सदर कालावधीचे अभिलेख कंपनीकडे उपलब्ध नाहीत. रुपरावला वाचता येत होतं. पत्र दारातून आत येतानाच त्यानं ते वाचलं आणि पिशवीचा आवाज थांबला. तो नुसता खुर्चीत मागं टेकला.

पत्र पहिल्यांदा शामलाबाईंपुढं आलं. डाव्या कोपऱ्यात त्यांचं नाव. शामलाबाईंनी पेन उघडलं. हात कागदापर्यंत नेला, आणि पेन खाली ठेवलं.

“ही सही मी नाही करत, मॅडम. खोटं आहे हे.”

“म्हणजे कागद आहे?”

“आहे.” आता त्यांचं ऑफिसातलं बोलणं सुटलं आणि घरचं आलं. “पण जूनमध्ये इथं जो बसन, तो सही करन. विक्रम सरायसारखाच इमानदार माणूस असन. दिवसभर धुंडन, थकन, आन नाही म्हणून लिहून देईन. खोटं लिहून देईन आन त्याले मालूमच नाही राहणार का खोटं आहे. तीनशेबारा लोक आहेत, मॅडम. त्यायले कंपनी अशीच नाही म्हणत राहीन. मले त्याची भीती वाटते. नऊ लाख मी त्याच्यासाठी मांगतले.”

टेबलावरच्या फोनमधून विक्रमचा श्वास ऐकू येत होता. तो सगळं ऐकत होता.

“सर,” शामलाबाई फोनकडं वाकल्या, “तिसरी ओळ, भिंतीकून. जांभळे गठ्ठे आहेत आठ. एका रुमालावर इस्त्रीचा डाग आहे. तो सोडा.”

पावलं वाजली. काहीतरी खाली पडलं. शिपायानं काहीतरी विचारलं. मग खूप वेळानं, म्हणजे खरं तर दोनच मिनिटांनी, विक्रम म्हणाला, “सापडला. रुपराव, खापरखेडा. वर्षाचे बाराही महिने आहेत.” आणि थोडं थांबून, “शामलाताई, ही साडी आहे का?”

“हो सर. माझीच.”

“सगळ्या?”

“दोन हजार चारपासूनच्या.”

मॅडमनी त्यानंतर शामलाबाईंना एकवीस वर्षांच्या साड्या, औषध, गोळ्या, हातगाडी, सगळं विचारून घेतलं आणि स्वतःच्या हातानं एका कोऱ्या कागदावर ‘मागचा खर्च’ म्हणून लिहिलं. रकमेपुढं प्रश्नचिन्ह होतं, पण शून्य नव्हतं. टेम्पो रद्द झाला. साडेसहा लाख त्याच बैठकीत मंजूर झाले, रॅक आणि यादी करणारा माणूस आधी, स्कॅनिंग पुढल्या वर्षी. रुमालांच्या रंगांची पहिली यादी आपण स्वतः बसून लिहून घेऊ, असं विक्रमनं आल्या आल्या सांगितलं. त्याच्या शर्टाला वाळवीची माती लागली होती आणि तो शामलाबाईंच्या नजरेला नजर देत नव्हता. रागावला होता की ओशाळला होता, ते काही कळलं नाही. दोन्ही असेल.

एवढं सगळं मनासारखं झालं आणि शामलाबाईंना आनंद काही होईना. कारण दारापाशी तो माणूस बसला होता, आणि त्यानं सगळं ऐकलं होतं.

हजेरीपटाची शिक्का मारलेली नक्कल घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा रुपराव जिन्याशी उभा होता. त्यानं नक्कल घेतली, बारा महिन्यांवरून बोट फिरवलं, नीट घडी करून पिशवीत ठेवली.

“चहा घ्या, रुपरावजी.”

“नाही जी.” त्यानं पिशवीला गाठ मारली. “तुमाले बुधवारीच मालूम होतं.”

“हो.”

“आन आज तीन घंटे बी मालूम होतं.”

“हो.” शामलाबाईंचे डोळे भरले. “मले माफ करा. बाकीच्या लोकायसाठी केलं मी. तुमच्या जिवाशी खेळली, ते मले समजते.”

रुपरावनं त्यांच्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, आणि त्याचंच शामलाबाईंना जास्त लागलं.

“त्या तीनशेतले शंभर तं माह्या वळखीचे आहेत, बाई,” तो म्हणाला. “एका डब्ब्यात जेवलो आमी. तुमी बुधवारी मले नुसतं विचारलं असतं, का रुपराव, असं असं आहे, बसता का, तं मी तीन काय, सहा घंटे बसलो असतो.”

आणि पिशवी काखेत धरून, कठड्याला हात लावत तो जिना उतरायला लागला. शामलाबाई वरच उभ्या होत्या. कोणाकडं काही मागायचं नाही, हे त्या आयुष्यभर पाळत आल्या होत्या, आणि ह्या माणसाकडंही त्यांनी मागितलं नव्हतं.